अकरा मनगटं: आमच्या भिशीच्या चालण्याच्या नोंदी

1 जून, रविवार

आजची भिशी सुनंदाकाकूंच्या घरी, साने गुरुजी वसाहतीत. चिठ्ठी वैशालीची निघाली. पैसे मोजून व्हायच्या आधीच तिनं जाहीर केलं की ती मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टा घेणार, रोज रंकाळा तलावाकाठी चालणार आणि दिवाळीपर्यंत आठ किलो उतरवणार. कांदाभजी तोंडात होती म्हणून कुणी मोठ्यानं हसलं नाही इतकंच. पण तासाभरात अकराही जणी पट्टा घ्यायला तयार झाल्या. कुणाला गुडघे दुखतात म्हणून, कुणाला डॉक्टरनं दम दिला म्हणून, आणि दोघींना फक्त बाकीच्या घेताहेत म्हणून.

वही माझ्याकडे आली. मी सतरा वर्षं रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. "तुला आकड्यांची सवय हाय," एवढंच कारण.

सवय आहे म्हणूनच रात्री जेवणानंतर वैशालीच्या आठ किलोंचा हिशोब घातला. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी धरतात. आठ किलोंच्या 61,600. दिवाळीला 141 दिवस, म्हणजे रोज 437 कॅलरींची तूट. आमच्या अंगलटीच्या बाईला किलोमीटरभर चालायला 50च्या आसपास लागतात. म्हणजे खाणं आहे तेच ठेवून रोज जवळपास नऊ किलोमीटर जास्तीचे चालायचे, एकही दिवस न चुकवता, पावसाळ्यात, कोल्हापुरात. तिला अजून सांगितलेलं नाही.

15 जून, रविवार

पट्टे आले. एकाच बनावटीचे, सगळ्यात स्वस्तातले. भिशीतून एकरकमी घेतले, तीन हप्त्यांत फेडायचे.

नवं मशीन लॅबमध्ये आलं की आधी कंट्रोल लावतो, म्हणजे उत्तर माहीत असलेला नमुना घालून मशीन खरं बोलतंय का ते पाहतो. पट्ट्याचा कंट्रोल म्हणजे मोजून टाकलेली पावलं. मंगलवहिनींनी परवाच चिंच फोडली होती, त्यांनी पदराला चिंचोके बांधून आणले. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या मुठीतून डाव्या मुठीत. पाच चिंचोके, 500 पावलं, रंकाळा टॉवरपासून तटाकडेनं सरळ.

हात मोकळे सोडून चालल्यावर पट्टे 488 ते 509 दाखवत होते. हे मला चालेल. मग दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतल्या, तेव्हा 371. पट्ट्याच्या हातात छत्री धरून 214. म्हणजे छत्रीखाली चालणाऱ्या बाईची अर्ध्याहून जास्त पावलं पाण्यात. याच्या उलटही होतं. घरी येऊन वीस चपात्या लाटल्या, जागची हलले नाही, आणि पट्ट्यानं 266 पावलं चढवली. वैशालीची मोपेड खड्ड्यांतून स्टँडपर्यंत जाऊन आली तर तीनशेच्या वर.

पट्ट्याला पाय दिसत नाहीत. आत तीन दिशांची हालचाल टिपणारी एक बारीक चिप असते. मनगट ठराविक लयीत हेलकावलं की ती त्याला पाऊल समजते. लाटणं लयीत चालतं, छत्रीचा हात लयीत चालत नाही. इतकं कळलं की पुढची निम्मी भांडणं टळावीत.

आणखी एक अडचण आमच्या हातांची. नाडी मोजायला पट्ट्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोक्यागणिक शोषणं कमी-जास्त होतं, त्यावरून नाडी. पण बांगड्यांच्या गर्दीत पट्टा सैल फिरतो, खालून उजेड शिरतो आणि आकडा भरकटतो. सुनंदाकाकूंच्या दोन्ही हातांत डझनभर काचेच्या बांगड्या. त्यांची नाडी बसल्या जागी 141 आली. "मी गेलो काय मग?" म्हणाल्या. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, बांगड्यांच्या मागे घट्ट बसवला तेव्हा 78.

23 जून, सोमवार

मागचा आठवडा मूळ आकडा काढण्याचा. स्क्रीनवर मी लॅबमधली कागदी चिकटपट्टी लावून दिली होती, म्हणजे आकडा पाहून कुणी उगाच जिने चढणार नाही. सात दिवसांनी पट्टी काढली.

वैशाली पतसंस्थेत खुर्चीवर असते: 3,400. सुनंदाकाकू 2,900. मी 5,200, लॅबमधल्या फेऱ्यांमुळे. मंगलवहिनी 6,100. रेखाताई 4,000. आणि शबानाभाभी, ज्यांचं पोळीभाजी केंद्र आहे, त्या चालायला म्हणून एकदाही बाहेर न पडता 13,800. लाटण्याचा फुगवटा वजा केला तरी दहा हजारांच्या खाली येत नाहीत. आणि वजन गटात दुसरं सगळ्यात जास्त. "मग मी काय करू आता?" असं त्यांनी विचारलं. वहीत त्यांच्या नावापुढे मी अजून काही लिहिलेलं नाही.

वजन आणि कंबरही घेतली. काटा एकच, माझा, सकाळी काही न खाता. कंबर शिंप्याच्या टेपनं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. वजनापेक्षा कंबरेला सगळ्या जास्त लाजल्या. श्वास आत ओढून धरायचा नाही हे प्रत्येकीला दोनदा सांगावं लागलं. भारतीय बाईसाठी 80 सेंटीमीटरच्या पुढे धोका धरतात. अकरातल्या नऊ पुढे. उंची-वजनाच्या निर्देशांकालाही आपल्याकडे 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा मानतात, कारण आपल्या लोकांना साखरेचा त्रास कमी वजनावरच सुरू होतो.

29 जून, रविवार

अ‍ॅपनं सगळ्यांना आपोआप 10,000चं लक्ष्य दिलंय. काकूंना 2,900 वरून दहा हजार! पहिल्या दोन दिवसांत त्यांनी 7,000 गाठले आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याला बाम चोळत बसल्या.

हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर 1965 मध्ये एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं, नाव ‘मानपो-केई’, अर्थ दहा हजार पावलांचं मीटर. नाव जिभेवर बसलं आणि आकडा जगभर गेला. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला 2,700 चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्या बायकांत मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं, आणि साडेसात हजारांनंतर फायदा आणखी वाढताना दिसला नाही. काकूंना यातलं 4,400 तेवढं सांगितलं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

लक्ष्य बदललं: प्रत्येकीचा मूळ आकडा अधिक 1,500. भाभींना पावलांचं लक्ष्यच नाही. त्यांनी रोज वीस मिनिटं पाय वर करून बसायचं. गटात यावरून कुरकुर झाली, मी ऐकून घेतली.

6 जुलै, रविवार. आषाढी

भिशी पुढच्या आठवड्यावर ढकलली. आम्ही सहाजणी दिंडीबरोबर नंदवाळला चालत गेलो. पहाटे निघालो तेव्हा झिमझिम, पुईखडीला रिंगणाच्या वेळी उघडीप, नंतर चिखल.

पट्ट्यांची खरी परीक्षा इथे झाली. सगळ्या एकाच वाटेनं, एकाच वेगानं, बरोबर चाललो. रेखाताईंच्या डोक्यावर तुळस होती, दोन्ही हात वर धरलेले. त्यांच्या पट्ट्यात नंदवाळपर्यंत 5,900. वैशालीच्या हातात टाळ, तिचे 21,300. माझा हात मोकळा, 15,100. विठ्ठलाच्या दारात रेखाताई पट्ट्याकडे बघून म्हणाल्या, "तुळशीचं पुण्य ह्यात धरत न्हाईत वाटतं."

तुळस मी वाटेत थोडा वेळ घेतली होती. ओल्या मातीसकट ती किती जड असते ते मानेला कळलं. पट्ट्यात त्याची काहीच नोंद नाही.

14 जुलै, सोमवार

भांडण झालं, आणि ते माझ्या चुकीमुळे. रोज रात्री साडेनऊला ग्रुपवर सगळ्यांनी आकडा टाकायचा आणि मी क्रमवारी लावायची, असं आठवडाभर चाललं होतं. शनिवारी काकूंचे 19,400 आले. अभिनंदनं, अंगठे, हार. काल भिशीत त्यांच्या नातवानंच सांगितलं की आजीनं पट्टा त्याच्या हातात बांधून त्याला मैदानावर फुटबॉल खेळायला पाठवलं होतं. पेठेतलं पोरगं, भर पावसात दोन तास खेळलं.

हसून सोडून देण्यासारखं होतं, पण पूनम चिडली. ती रोज पहाटे उठून इमानदारीनं 7,000 टाकते. काकूही चिडल्या. "रोज सगळ्यांत शेवटी माझं नाव लिहितीस. एकदा वर आलो तर बिघडलं काय?"

बरोबर आहे त्यांचं. 2,900 वरून 4,300 वर आलेल्या 61 वर्षांच्या बाईला मी आठवडाभर सगळ्यांसमोर अकरावा नंबर देत होते. क्रमवारी बंद. आता प्रत्येकीच्या नावापुढे फक्त तिचा मागचा आठवडा आणि हा आठवडा.

22 जुलै, मंगळवार

पाऊस. सकाळी उठल्यावर इथं माणूस पहिला आकडा बघतो तो पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा. 39 फूट इशारा, 43 धोका. पावलांचं नाव कोण काढतंय! वसाहतीच्या हॉलमध्ये गोल फेऱ्या सुरू केल्यात. सहा मिनिटांत गरगरतं, म्हणून दर दहा फेऱ्यांनी दिशा उलटी.

3 ऑगस्ट, रविवार

भिशीत पैशाची कल्पना पूनमनं मांडली. महिनाभर प्रत्येकीनं आठवड्याला 50 रुपये डब्यात टाकायचे. सातपैकी पाच दिवस जिनं स्वतःचं लक्ष्य गाठलं तिला आठवड्याच्या शेवटी वाटा. भाभींनी पाय वर केले का ते त्यांची मुलगी बघणार. मी म्हटलं, करून बघू.

ग्रुपमध्ये आज कॅलरींवरूनही बोलणं झालं, कारण वैशालीच्या वजनात दोन महिन्यांत 600 ग्रॅमचा फरक आहे आणि तेवढा तर दोन-तीन ग्लास पाणी जास्त प्यायल्यानं सुद्धा पडतो. तिचं म्हणणं, पट्टा रोज "410 कॅलरी जाळल्या" म्हणतो, मग गेल्या कुठे?

दोन उत्तरं आहेत. पहिलं, तो आकडा अंदाजाचा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठानं 2017 मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. सहा यंत्रांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. कॅलरींमध्ये मात्र सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होतं. लॅबमध्ये साखरेचा रिपोर्ट 27 टक्क्यांनी चुकला तर मॅडम मला दारात उभी करणार नाहीत.

दुसरं उत्तर गंगावेशीत आहे. वैशाली आणि पूनम संध्याकाळचं चालून झालं की दूध कट्ट्यावर जातात. म्हैस समोर, धार ग्लासात, फेस वरपर्यंत. त्या दुधाला मी नावं ठेवणार नाही, माझे वडील त्यावर तालमीत वाढले. पण दोनशे मिलीच्या ग्लासात दोनशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे चार किलोमीटर. रंकाळ्यावरून चालत येऊन ते सगळं म्हशीला परत केल्यासारखं झालं. वैशाली तासभर बोलली नाही. मग म्हणाली, "अर्धा ग्लास चालंल का?"

31 ऑगस्ट, रविवार

डब्याचा महिना संपला. चारही आठवडे नऊ किंवा त्याहून जास्त जणींनी लक्ष्य गाठलं. जूनपासूनचा सगळ्यात चांगला महिना. आज गौरी आल्या, डबा मोडून त्यातून सगळ्यांनी मिळून खणाची ओटी आणली. सप्टेंबरसाठी पैसे घालायचे का हा विषय सणाच्या गडबडीत मागं पडला.

2 सप्टेंबर, मंगळवार

काल रात्री गौरीसमोर झिम्मा-फुगडी. दीड वाजेपर्यंत. पहिल्यांदाच पट्टा काढायची आठवण कुणालाच नव्हती, म्हणून आकडे सहज मिळाले.

झिम्म्यात माझ्या पट्ट्यानं नाडी 118 दाखवली. मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजली तर 37 ठोके, म्हणजे 148. तीस ठोक्यांची चूक! माझा अंदाज असा की, टाळ्या आणि पावलं एका ठेक्यात पडतात, हात जोरात हलतो, आणि हिरव्या दिव्याला रक्ताच्या लाटेपेक्षा हाताचा हेलकावा मोठा दिसतो. यंत्र मग ठेक्यालाच नाडी समजतं. फुगडीत हात एकमेकींत गुंफलेले, मनगट आवळलेलं, तिथं तर आकडाच गायब.

काकूंनी 61व्या वर्षी चार फुगड्या घातल्या. गुडघ्याचा विषय काढला नाही. फुगडीत बसून उठायचं, तोल सांभाळायचा, दम धरायचा. याला पावलात मोजायचं कसं, मला माहीत नाही. वहीत ‘काकू: फुगड्या 4’ असं लिहून ठेवलंय.

14 सप्टेंबर, रविवार

डबा बंद झाल्यापासून दुसरा आठवडा. लक्ष्य गाठणाऱ्या: चार. नऊवरून चार.

लॅबच्या मॅडमना सांगितलं तर त्यांनी सिंगापूरचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग काढून दिला. 800 नोकरदार, चार गट. एकाला काहीच नाही, एकाला नुसतं यंत्र, एकाला यंत्र आणि दानासाठी पैसे, एकाला यंत्र आणि रोख. सहा महिने रोखवाले जास्त हलले. पैसे थांबवल्यावर वर्षअखेरीला ते होते तिथं परत आले. वजनात किंवा रक्तदाबात फरक कुणाच्याच नाही. आणि वर्षानंतर यंत्र लावणारे दहातला एक उरले होते.

आमचं जे सहा आठवड्यांत झालं ते तिथं वर्षात झालं एवढंच. वाचून मला जरा बरं वाटलं हे खरं.

18 सप्टेंबर, गुरुवार

आज लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते. विचारून लिहिते.

मंगलवहिनींनी पट्टा परत आणून दिला. आठवडाभर त्यांचा आकडा येत नव्हता, मला वाटलं चार्जर हरवला. त्यांच्याकडे साधा फोन आहे. त्यामुळे जूनमध्ये पट्टा जोडताना मीच तो त्यांच्या मिस्टरांच्या फोनवरच्या अ‍ॅपला जोडून दिला होता. तेव्हा सोपं वाटलं. वहिनींच्या पट्ट्यात जागा टिपायची सोय नाही, ती फोनमधून येते, पण पावलं मिनिटागणिक नोंदली जातात. कधी चालल्या, कधी थांबल्या, किती वेळ थांबल्या, सगळं आलेखात.

"मंगळवारी साडेपाच ते सहा एक पाऊल न्हाई. कुठं बसलीवतीस?" असं घरी विचारणं झालं. मग रोजच होऊ लागलं.

वहिनी संध्यामठासमोरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. पाण्याकडे बघत. दिवसातला तेवढा अर्धा तास त्यांचा असतो. "मला कुणी विचारत नव्हतं तोवर मी बसत होतो," म्हणाल्या. रडल्या वगैरे नाहीत. पट्टा रुमालात गुंडाळून आणला होता, कंपनीच्या खोक्यासकट.

लॅबमध्ये नमुना घेण्याआधी आम्ही रिपोर्ट कुणाच्या हाती द्यायचा ते विचारतो. नवरा आला तरी बाईचा रिपोर्ट परस्पर देत नाही. ही सवय सतरा वर्षांची, आणि पट्ट्याच्या वेळी मी ती घरी ठेवून आले होते.

रात्री सगळ्यांची अ‍ॅपं तपासली. जागेची परवानगी बंद. ‘मित्रांना दाखवा’ बंद. पाळीच्या तारखा तिघींनी भरल्या होत्या, त्या काढल्या. दोन पट्टे मुलांच्या फोनला जोडलेले निघाले, ते सोडवले. ग्रुपवर आकडा टाकायचा नियमही मोडीत काढला. ज्यांना सांगायचंय त्या रविवारी तोंडी सांगतील.

25 सप्टेंबर, गुरुवार

नवरात्र. रेखाताईंचे नऊ दिवस उपवास आणि पहाटे अनवाणी अंबाबाईला चालत जायचा नेम. आज महाद्वारातून परत येताना घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी. बरोबर पूनम होती, तिनं मला फोन केला. त्या दोघी रिक्षानं आल्या, मी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बघितली: 58. लगेच पाण्यात साखर विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी 86, मग दूध आणि खजूर.

रेखाताई साखरेची अशी गोळी घेतात जी खाल्लं नाही तरी साखर खाली आणते. रिकामं पोट, गोळी आणि पहाटेचं चालणं, तिन्ही एकदम. पट्टा काय म्हणत होता? "छान! आजचं लक्ष्य पूर्ण!" आणि फटाके.

त्यांना म्हटलं, आजच डॉक्टरांकडे जा, उपवास चालू ठेवायचाय हे सरळ सांगा. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला आणि पहाटे काहीतरी खाऊनच निघायचं असं बजावलं. आम्हाला हे जूनमध्येच विचारायला हवं होतं. गोळ्या कोण कोण घेतं याची यादी आज केली: अकरातल्या पाच.

5 ऑक्टोबर, रविवार

भिशी. दोन यंत्रांचे पट्टे तुटले, एकाची बॅटरी दिवसभर टिकत नाही. तक्रार केली, उत्तर आलेलं नाही. शबानाभाभींनी पोळ्या लाटायची जागा बदलली, ओट्याची उंची चार इंच वाढवून घेतली आणि उंच स्टूल आणलं. गुडघ्याचं दुखणं निम्म्यावर आलं म्हणतात. पावलं दीड हजारांनी कमी झाली! वहीत ही पहिली घट जिच्यापुढे मी बरोबरची खूण केली.

19 ऑक्टोबर, रविवार

दिवाळीआधीचं मोजमाप. तोच काटा, तीच टेप, तीच सकाळची वेळ.

आठजणी आल्या. वैशाली 74.2 वरून 71.3. मी 66.4 वरून 65.9. पूनम दोन किलो कमी. रेखाताईंची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.1 होती ती 7.4 आली, पण मधे औषध बदललंय, तेव्हा चालण्याच्या खात्यात सगळी घालता येणार नाही. काकूंचं वजन आहे तेवढंच, कंबर दोन सेंटीमीटर कमी. भाभी जैसे थे. एकीचं सव्वा किलो वाढलं, तिनं नाव लिहू नको म्हटलं. आठवीचं काय सांगायचं, तिनं श्वास आत ओढला होता.

वैशाली नाराज. आठ किलो म्हणाली होती, तीन उतरले. मी तिला 1 जूनचा हिशोब आज दाखवला. "आधी का न्हाई सांगितलीस?" आधी सांगितला असता तर ती चाललीच नसती, असं मला वाटतं. किंवा कदाचित चालली असती आणि दूध आधी सोडलं असतं. हे आता कळायला मार्ग नाही.

मॅडमनी दिलेल्या कागदांतला एक 2022 चा आढावा आहे. 39 आढाव्यांचा मिळून एक आढावा, सुमारे 1,64,000 माणसं. पट्टे लावणाऱ्यांची दिवसाला साधारण 1,800 पावलं वाढतात आणि वजन किलोभर कमी होतं. त्या हिशोबात आम्ही रांगेत बसतो. दुसरा कागद 2016 चा, पिट्सबर्गचा, तो वैशालीला मुद्दाम दाखवला नाही. 471 तरुण माणसं, दोन वर्षं. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन, निम्म्यांना वर यंत्र. यंत्रवाल्यांचं वजन 3.5 किलोंनी उतरलं, बिनयंत्रवाल्यांचं 5.9 किलोंनी. का, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. मला आपलं गंगावेस आठवलं: हातावर "410 जाळल्या" दिसलं की माणूस ग्लास पुढे करतो.

आमच्याकडे तुलनेला बिनपट्ट्याचा गट नव्हताच. म्हणजे कंट्रोल नाही. लॅबवालीनं केलेल्या प्रयोगात कंट्रोल नाही हे मॅडमना सांगायची माझी हिंमत नाही.

2 नोव्हेंबर, रविवार

फराळाची भिशी. पट्टा लावून आलेल्या: तीन. वैशाली, पूनम आणि मी. काकूंचा पट्टा नातवाकडे असतो, तो आता हक्कानं.

पण सकाळी रंकाळ्याला मोजलं तर आम्ही सातजणी असतो. साडेपाचला पूनम काकूंच्या फाटकाची कडी वाजवते, काकू रेखाताईंना हाक मारतात, रेखाताई येईपर्यंत कुणी हलत नाही. न येणारीला दुसऱ्या दिवशी कारण सांगावं लागतं, आणि काकूंना कारण सांगणं चालण्यापेक्षा अवघड आहे.

मंगलवहिनी सकाळी येत नाहीत, त्यांची वेळ संध्याकाळचीच. काल लॅबमधून परतताना पदपथ उद्यानात दिसल्या. मी हाक मारली तर ओठ हलवत हातानंच थांब म्हणाल्या. फेरी पुरी केली, माझ्याजवळ आल्या आणि उजव्या मुठीतला एक चिंचोका डाव्या मुठीत टाकला. "सहावी," म्हणाल्या. "आता बसतो जरा."

मी पण बसले. वही पिशवीत होती, काढली नाही. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी डाव्या मुठीतले चिंचोके कनवटीला लावले आणि आम्ही उठलो.